ट्रोपोनिनचा आकडा कसा वाचावा

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतले प्रथिन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरते, पण लगेच नाही. साधारण ३ ते ४ तासांनी वाढ दिसू लागते, १२ ते २४ तासांत ती शिगेला पोचते आणि आठवडाभर, कधी त्याहूनही जास्त, टिकते.

म्हणून पहिला अहवाल नॉर्मल आला की धोका टळला, असे मुळीच नाही. पहाटे ४ला छातीत कळ आली आणि ५ला रक्त घेतले, तर काहीच न दिसण्याची शक्यता असते. काही तासांनी पुन्हा तपासून आकडा चढतो की उतरतो, हे पाहावे लागते. खरे निदान या चढउतारात असते. मूत्रपिंडाच्या जुन्या विकारात ट्रोपोनिन कायमच थोडे वाढलेले राहू शकते; फुप्फुसात गुठळी अडकली तरीही ते वाढते. सीके-एमबी हे हृदयाच्या इजेचे आणखी एक रक्तातले निदर्शक; ते २-३ दिवसांत उतरते, त्यामुळे पाठोपाठ आलेला हृदयविकाराचा दुसरा झटका ओळखायला उपयोगी पडते.

पण अहवालाची वाट पाहणे सगळीकडे परवडत नाही. उदाहरणार्थ, अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. त्यातल्या अकोले ते अहिल्यानगर शहर हे अंतर १०० किलोमीटरांहून अधिक. अशा ठिकाणी ईसीजीत झटका स्पष्ट दिसत असेल, तर रक्ताच्या अहवालासाठी रुग्णाला अडवून ठेवू नये. उपचार आणि मोठ्या रुग्णालयात हलवण्याची तयारी तत्काळ सुरू व्हायला हवी.