मुंबईच्या हद्दीबाहेरून



स्वागत समितीच्या वतीने या परिषदेसाठी भिवंडीत आपले मनःपूर्वक स्वागत. माणकोली नाक्यावरची कोंडी फोडून वेळेत पोचलात, याबद्दल वेगळे अभिनंदन!

मोठ्या शहरांना राज्याचा दर्जा द्यावा का, ही चर्चा मुंबईत नको, इथेच व्हावी, असा आमचा हट्ट होता, कारण मुंबईचे पाणी याच बाजूने जाते. तानसा धरण शेजारच्या शहापूर तालुक्यात. १८९२ पासून ते मुंबईला पाणी पाजते आहे. पांजरापूरचे जलशुद्धीकरण केंद्र तर आमच्याच तालुक्यात. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली. तो बेत तडीस गेला असता तर नळ दिल्लीच्या ताब्यात आणि धरण महाराष्ट्राच्या, असा मामला झाला असता. त्याविरोधात चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले, आंदोलनात शंभरावर माणसांनी प्राण दिले, तेव्हा कुठे १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला.

तरीही नगरराज्य म्हटले की कानांवर हात ठेवायचे, हे मला पटत नाही. १९५५ मध्ये डॉ. आंबेडकरांनीच मराठी मुलखाची चार राज्ये सुचवली होती आणि त्यांतले एक मुंबईचे होते. मात्र ते मराठी राज्य असावे आणि समर्थ होण्यापुरता भोवतालचा मुलूख त्याला जोडावा, असे त्यांचे म्हणणे. चीनने १९९७ मध्ये चोंगचिंग सिचुआनमधून काढून थेट केंद्राखाली आणले, तेव्हा भोवतालची खेडी आणि डोंगरही सोबत दिले. उलट दिल्लीला दर्जाही धड मिळाला नाही: १९५२ मध्ये विधानसभा मिळाली, १९५६ मध्ये ती गेली, १९९३ मध्ये परत आली. पोलीस आणि जमीन आजही केंद्राकडेच. आपल्याकडे घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार संसद साध्या बहुमताने नवे राज्य करू शकते. मूळ राज्याचे मत विचारावे लागते, मानावे लागत नाही. हद्दीपलीकडच्या गावाला तर कोणी विचारतही नाही.

हद्द काय करते ते आमची गोदामे सांगतील. मुंबईत शिरताना जकात भरावी लागे, म्हणून माल हद्दीच्या अलीकडेच, इथे उतरू लागला. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गोदामे मात्र वाढतच राहिली. त्यांतली बहुतेक आमच्या महापालिकेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींत. म्हणजे ट्रक आमच्या रस्त्यावर, कर दुसरीकडे!

तेव्हा वक्त्यांना विनंती एवढीच, की कोणत्याही शहराला दर्जा द्या, पण त्याची रेघ कुठून जाईल आणि पलीकडच्यांचे काय, हेही सांगा. अध्यक्ष महोदयांनी आता सूत्रे हाती घ्यावीत.