सभा दहाला, साडेदहाला नाही
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)

खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून टाकीच्या कट्ट्यावर बसलेले रहिवासी मित्रहो,

मला विषय दिला आहे ‘आपली सोसायटी : काल, आज, उद्या’. पण अकरा वर्षं सेक्रेटरी राहिलेल्या माणसाला एकच विषय येतो, तो म्हणजे सभा.

आपल्या नोटिशीच्या शेवटी एक ओळ असते : गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल. ती वाचून निम्मी मंडळी अर्धा तास उशिराच निघतात! उपविधीप्रमाणे गणसंख्या म्हणजे सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांतली जी कमी असेल ती. ५६ घरांतून २० माणसं जमत नाहीत, आणि तहकूब सभेला ही अट नाही. मग नऊ जणांचा ठराव ५६ घरांना लागू. उरलेल्या ४७ घरांचा विरोध दुसऱ्या दिवशी जिन्यात मी ऐकायचा.

लिफ्ट बदलायची होती, ते वर्ष आठवा. तळमजल्याच्या आठ घरांचं म्हणणं, आम्ही लिफ्ट वापरत नाही, वर्गणी कशाची? उपविधी स्पष्ट आहे : लिफ्टचा देखभाल खर्च सर्वांना सारखा, वापरा अगर वापरू नका. बहुमतही होतं. पण तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले, आज कुणी हात वर करायचा नाही, नुसतं बोला. तेव्हा तळमजल्यावरच्या मावशी उठल्या. “पैशाचं नाही हो. दर पावसाळ्यात गटाराचं पाणी आमच्या न्हाणीत येतं, तेव्हा वरून कोण उतरून आलं होतं?”

सभा गप्प झाली. पुढे चार सभा लागल्या आणि एकमताने ठराव झाला : लिफ्ट आणि ड्रेनेजची लाइन एकाच निधीतून, वर्गणी सारखी. आठ महिने गेले त्यात. सातव्या मजल्यावरची दोन म्हातारी माणसं तेवढे दिवस जिने चढली, हेही खरं. पण त्या वर्गणीची थकबाकी एका घराची राहिली नाही.

एक सभासद, एक मत ही आपली जुनी पुंजी. १९१५ साली गावदेवीला राव बहादूर तालमकींच्या पुढाकाराने सारस्वत सोसायटी उभी राहिली, तेव्हापासून मुंबईची माणसं अशी एकत्र बसून भांडत आली आहेत.

आता पुनर्विकास. आपली इमारत सोसायटीपेक्षा सात वर्षांनी मोठी. नोंदणीला बिल्डरने तेवढी वर्षं लावली. मुलुंडमध्ये गल्लोगल्ली पत्रे लागलेत, आपल्याकडेही माणसं फाइल घेऊन येतात. २००९ च्या सरकारी निर्देशांत तीन चतुर्थांशांचा पाठिंबा लागायचा. ४ जुलै २०१९ पासून एकूण सभासदांपैकी ५१ टक्के पुरतात. म्हणजे २९ घरं हो म्हणाली की उरलेल्या २७ घरांनीही सामान बांधायचं. मी स्वतः पुनर्विकासाच्या बाजूचा आहे. तरी २९ वर थांबायला माझी तयारी नाही. ज्यांना मतात हरवलं, त्यांच्याच शेजारी उद्या नव्या लिफ्टची वाट बघत उभं राहायचंय.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना विचारायचंय, भाड्याच्या घरात तीन वर्षं काढायची आणि मधेच भाडं थांबलं तर जायचं कुठे? या प्रश्नाला अजून कुणी नीट उत्तर दिलेलं नाही. पुढच्या रविवारी आधी तेच बोलतील. त्या दिवशी मतदान नाही. नोटीस बोर्डावर आहे. सभा दहाला आहे, साडेदहाला नाही.