अंबाडीचा वाख आणि भेगाळलेली भिंत
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलून झालं. आता धुऱ्यावरच्या अंबाडीवर बोलू.

भाजीपुरती ठेवून बाकी अंबाडी आपण पेटवून देतो. पूर्वी नाल्यात कुजवून वाख काढायचो. नायलॉनचा दोर आला नि ते संपलं. आणि मातीच्या भिंतीला भेगा पडल्या, की उधारीवर सिमेंटच्या बॅगा आणतो. मातीवर सिमेंट धरत नाही, थोड्याच दिवसांत पापुद्रे सुटतात.

मातीचा गिलावा वाळताना आक्रसतो, म्हणून फाटतो. वाखाचे धागे ती ओढ वाटून घेतात. मग एका मोठ्या भेगेऐवजी केसासारख्या बारीक पडतात. त्यामुळे भिंत जास्त ओझं पेलेल असं कुणी सांगितलं, तर ऐकू नका.

वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे धागे आहेत, हे राजदेव सिंग आणि एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ साली दाखवून दिलं. दीड हजार वर्षांचा गिलावा! आणि सरकारदरबारी मातीची भिंत म्हणजे 'कच्चं घर'. भांग पेरा असं आम्ही म्हणत नाही, दारात पोलीस येतील. अंबाडी पुरते.

वाख सिमेंटमध्ये मात्र नको. सामू साडेआठच्या वर गेला की जमीन चोपण होते. ओल्या सिमेंटचा सामू १२-१३ असतो. त्यात धागा हळूहळू ठिसूळ होतो. मातीत तसं होत नाही, पण पाणी मुरलं तर कुजतो. तेव्हा झडीची बाजू सोडा, आतल्या भिंती घ्या.

पऱ्हाटीच्या सालीतही धागा आहे, पण सोलायची मजुरी कोण देणार? त्यासाठी पऱ्हाटीचे ढीग तर रचूच नका, गुलाबी बोंडअळी त्यातच मुक्काम करते. कडबा बैलांचाच.

काळी माती घेऊ नका. उन्हाळ्यात ती वावरात काय करते ते तुम्ही पाहताच. पांढरी माती चाळा, शेण-कुटार घालून आठवडाभर ओली ठेवा, तुडवा. वाख दोन-तीन बोटं तोडून, सुटा करून शेवटी घाला. गोळा राहिला तर गिलावा तिथूनच सुटतो. प्रमाण गावागणिक वेगळं. एकाच भिंतीवर हातभर रुंद तीन पट्टे द्या: एक बिनवाखाचा, एक घमेल्याला मूठभर वाखाचा, एक दोन मुठींचा. वाळल्यावर भेगा मोजा.

पुढच्या बैठकीला हिशेब लिहून आणा. वाख काढायला किती दिवस गेले, किती बॅगा वाचल्या. घरच्या माणसांचे दिवस फुकट धरू नका. कापसाच्या उत्पादन खर्चासाठी भांडतो तेव्हा आपण हेच म्हणतो.