कुटुंब न्यायालयाच्या दारातील वकील
(नागपूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गिरणी कामगार, शेतमजूर, विडी कामगार यांच्या प्रश्नांचा विचार आपल्या चळवळीने पुष्कळ केला आहे. वकिलांच्या व्यवसायाचा, त्यातही नवरा-बायकोचे दावे चालविणाऱ्या वकिलांच्या व्यवसायाचा विचार मात्र क्वचितच झाला. वकील म्हणजे पांढरपेशा माणूस. त्याचे बरेवाईट तो पाहून घेईल, अशी आपली समजूत असते. परंतु नवऱ्याने टाकलेली एखादी बाई मूल कडेवर घेऊन चळवळीच्या कार्यालयात येते, तेव्हा कार्यकर्ता अखेर तिला कोणाकडे नेतो? वकिलाकडेच. मग त्या वकिलाचा व्यवसाय कसा चालतो, त्याचे बंधुत्व कोणाच्या कामी येते आणि त्याचे पोट कशावर भरते, हे प्रश्न समाजवाद्यांनी परके मानण्याचे कारण नाही.

प्रथम थोडा इतिहास. घरगुती कलहांसाठी निराळे न्यायालय असावे ही कल्पना आपल्याकडे आग्रहाने मांडली ती दुर्गाबाई देशमुखांनी. १९५३ मध्ये चीनच्या दौऱ्यात त्यांनी तेथील कौटुंबिक न्यायालये पाहिली आणि परत आल्यावर पंडित नेहरूंपुढे व न्यायमूर्तींपुढे हा विषय काढला. १९७४ मध्ये स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीने आणि विधी आयोगाने आपल्या एकोणसाठाव्या अहवालात हाच विचार उचलून धरला. पुढे स्त्री-संघटनांचा रेटा वाढला. या रेट्यात विदर्भाचा वाटा मोठा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील, आजच्या गडचिरोलीतील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर झालेला अत्याचार, त्यातील आरोपींची सर्वोच्च न्यायालयात झालेली सुटका आणि त्यावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेले अनावृत पत्र, यांनी देशातील स्त्री-चळवळीला नवी धार आणली. या वातावरणात १९८४ चा कुटुंब न्यायालय कायदा झाला. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात असे न्यायालय स्थापणे या कायद्याने राज्य सरकारवर बंधनकारक केले. १९८१ च्या जनगणनेतच नागपूरने ती मर्यादा ओलांडली होती.

या कायद्याचे तेरावे कलम ध्यानात घेण्यासारखे आहे. कुटुंब न्यायालयात वकिलामार्फत उभे राहण्याचा हक्क कोणत्याही पक्षकाराला नाही, असे ते कलम सांगते. न्यायालयाला गरज वाटली तर कायदेतज्ज्ञास न्यायमित्र म्हणून बोलावता येते, एवढीच सवलत. त्यामागील तर्क सरळ होता. वकील आला की कज्जा वाढतो, तारखा वाढतात, नवरा-बायको एकमेकांची लक्तरे वेशीवर टांगतात. त्यापेक्षा न्यायाधीश, समुपदेशक आणि पक्षकार यांनी समोरासमोर बसून प्रथम समेटाचा प्रयत्न करावा. कायदेमंडळाने एखाद्या व्यवसायावर इतका उघड अविश्वास दाखविल्याची उदाहरणे थोडीच सापडतील.

असे असूनही वकील कुटुंब न्यायालयात आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९८८ मध्ये केलेल्या नियमांनीच त्याला परवानगीचे दार ठेवले. प्रश्न गुंतागुंतीचा असेल किंवा पक्षकाराला स्वतःचे प्रकरण नीट चालविता येणार नसेल, तर कारणे नोंदवून वकिलास परवानगी द्यावी, असे ते नियम सांगतात. अपवाद म्हणून दिलेली परवानगी हळूहळू नित्याची झाली. ही केवळ वकिलांची चलाखी होती काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. दोन माणसांना वकिलाविना समोरासमोर उभे केल्याने ती समान होत नाहीत. शिकलेला, पैसा बाळगून असलेला नवरा बाहेरून कागद लिहवून आणू शकतो, पाठ करून बोलू शकतो; ज्या बाईने उभ्या जन्मात कचेरीची पायरी चढली नाही तिने काय करावे? वकिलास हाकलून दिल्याने विषमता जात नाही, ती फक्त झाकली जाते. म्हणून वकील असावा की नसावा, हा प्रश्न आता मागे पडला आहे. तो कोणत्या प्रकारचा असावा, हा खरा प्रश्न आहे.

कौटुंबिक दाव्यांचे काम करणाऱ्या वकिलांचे वर्तुळ कोणत्याही शहरात लहान असते. तीच माणसे रोज एकमेकांसमोर येतात. सकाळी परस्परांविरुद्ध उभे राहिलेले दोन वकील दुपारी बार रूममध्ये एका टेबलावर चहा घेतात. पक्षकार हे दृश्य पाहतो आणि त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. आपला वकील फितला, असे त्याला वाटू लागते. ही शंका बहुधा निराधार असते. उलट या ओळखीतच मोठी सामाजिक शक्ती दडलेली असते. ज्यांचा परस्परांच्या शब्दावर विश्वास आहे असे दोन वकील मुलाच्या भेटीचा वार, शाळेची फी, स्त्रीधनाची परतफेड हे प्रश्न अर्ध्या तासात मिटवू शकतात. परंतु हीच ओळख 'आज तुमची अडचण, उद्या माझी' असे म्हणत तारखांची देवाणघेवाण करण्यासही उपयोगी पडते. बंधुत्व एकच, ते अशिलाच्या कामी येते की वकिलांच्या परस्परसोयीच्या, एवढाच फरक. हा फरक व्यक्तीच्या सज्जनपणावर सोडून चालत नाही. त्याला सामूहिक शिस्त लागते.

ही शिस्त किती निकडीची आहे, हे नागपूरच्याच एका प्रकरणाने देशाला दाखविले. येथील एका स्त्रीने स्वतःसाठी व मुलासाठी पोटगीचा अर्ज २०१३ मध्ये केला. कुटुंब न्यायालयाने अंतरिम पोटगीचा आदेश २०१५ मध्ये दिला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो २०१८ मध्ये कायम केला. प्रकरण दिल्लीपर्यंत गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल दिला. पोटगीच्या अंतरिम अर्जाचा निकाल शक्यतो साठ दिवसांत लागावा, असे २००१ च्या दुरुस्तीने सांगितले होते. येथे अंतरिम रकमेच्या वादातच सात वर्षे गेली. पोटगी ही मुख्यत्वे दूध, धान्य आणि घरभाडे यांसाठी असते, आणि या गोष्टी निकालाची वाट पाहत थांबत नाहीत. दिरंगाईचे ओझे दोन्ही पक्षांवर सारखे पडत नाही. ज्याच्या हाती पैसा आहे त्याला विलंब परवडतो. ज्याच्या हाती नाही तो विलंबाने मोडतो आणि मिळेल त्या रकमेवर सही करतो. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर येथे काळ हेच बलवानाचे भांडवल असते.

त्या निकालाने देशभरासाठी काही नियम घालून दिले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र दाखल करावे. एका कायद्याखाली रक्कम मिळत असेल तर दुसऱ्या अर्जात ती उघड करावी, म्हणजे तिची वजावट करता येईल. शेती करणाऱ्यांसाठी शपथपत्राचा निराळा नमुना जोडला आहे. जमीन किती, कोरडवाहू की ओलिताची, पिके कोणती, जनावरे किती, कर्ज किती, हे त्यात लिहावे लागते. दारिद्र्यरेषेखालील माणसांना व रोजंदारीच्या मजुरांना या शपथपत्रातून सूट आहे.

शपथपत्राचे महत्त्व नागपूरच्या अर्थव्यवस्थेकडे पाहिले म्हणजे कळते. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली एम्प्रेस मिल जोवर चालू होती, तोवर गिरणीतील नवऱ्याचा पगार हा कागदावरचा आकडा होता. न्यायालयाला तो दिसत असे, प्रसंगी पगारातून रक्कम वळतीही करता येत असे. गिरण्या गेल्या. आज नवरा आॅटो चालवितो, मिस्त्रीकाम करतो, घाऊक बाजारात दलाली करतो किंवा भावाच्या नावे असलेल्या दुकानात बसतो. खेड्यात कापूस, सोयाबीन आणि संत्री यांचे उत्पन्न वर्षागणिक हेलकावे खाते आणि सातबारा बहुधा बापाच्या नावे असतो. उत्पन्न आहे, पण पुरावा नाही. संघटित रोजगाराच्या ऱ्हासाचा हा परिणाम आपल्या अर्थविषयक ठरावांत कधी आला नाही; तो कुटुंब न्यायालयाच्या रोजनाम्यात मात्र दिसतो.

अशा वेळी शपथपत्र कोण लिहितो? वकील लिहितो. अशिलाला 'उत्पन्न किती दाखवू?' असे विचारणारा वकील आणि 'खरे उत्पन्न किती?' असे विचारणारा वकील, या दोघांत त्या व्यवसायाचे सारे नीतिशास्त्र सामावले आहे. वकील अशिलाला बांधलेला असतो हे मान्य. परंतु खोटे शपथपत्र तयार करून देणे हा त्या बांधिलकीचा भाग कोणत्याही नियमाने ठरविलेला नाही. हे दोन्ही बाजूंना लागू आहे. पत्नीच्या बाजूने खरी नोकरी लपविली जाते, एकाच मागणीसाठी अनेक न्यायालयांत अर्ज पडतात, अशी तक्रार पुरुष करतात आणि ती प्रत्येक वेळी खोटी नसते. सत्याचा आग्रह एकतर्फी ठेवला तर दुबळ्याची बाजूच अखेर दुबळी होते.

आता व्यवसायाच्या आतील विषमतेकडे वळू. बाहेरून एकसंध दिसणाऱ्या या बंधुत्वात मोठे वर्गभेद आहेत. ज्येष्ठ वकिलाच्या कार्यालयात ज्युनिअर म्हणून वर्षानुवर्षे राबणारी मुले-मुली बहुधा अल्प मोबदल्यावर, काही वेळा मोबदल्याविना काम करतात. ज्याच्या घरी शेती, नोकरी किंवा वडिलांची वकिली आहे तोच हा काळ काढू शकतो. शेतमजुराची किंवा झोपडपट्टीतील मुलगी सनद घेऊनही टिकत नाही, आणि तिच्यासारख्या अशिलांना समजून घेणारा वकील त्यामुळे तयार होत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरांना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. शिफारस म्हणजे हक्क नव्हे. ती अमलात आणण्याचे काम वकील संघांचे आहे.

दुसरी गोष्ट मोफत विधी साहाय्याची. राज्यघटनेत १९७६ च्या दुरुस्तीने ३९ अ हे कलम आले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ मध्ये अमलात आला. त्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क किती जणींना ठाऊक आहे? आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांना फुकटचा वकील म्हणजे हलका वकील, असे का वाटते? या कामाचा मोबदला तुटपुंजा राहिला आणि ते नवख्यांच्याच गळ्यात पडले, तर हा समज दूर होणार नाही. नामवंत वकिलांनी पाळीपाळीने वर्षाला काही प्रकरणे या यादीतून घेतली, तर तो एका दिवसात दूर होईल.

१४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय दिला. वकिली हा इतर धंद्यांसारखा धंदा नव्हे, ती आपल्या परीने आगळी आहे, असे त्याचे सूत्र आहे. वकीलवर्गाने या निर्णयाचे स्वागत केले. स्वागत योग्यच, पण त्यातून येणारे देणेही मान्य करावे लागते. बाजाराच्या कायद्यातून सूट मागायची आणि व्यवहार मात्र बाजाराचा करायचा, हे जमणार नाही. निकालात मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवून फी घेण्यास वकिलांच्या आचारनियमांनी पूर्वीपासूनच मनाई केली आहे, आणि गरजूला मोफत साहाय्य देणे हे त्याच नियमांनी वकिलाच्या श्रेष्ठ कर्तव्यांत गणले आहे. नवे काही मागायचे नाही. जे लिहिलेले आहे ते पाळण्यास सांगायचे आहे.

या शहराला तसे सांगण्याचा विशेष अधिकार आहे. हिंदू संहिता विधेयक रखडले, या कारणासह १९५१ मध्ये मंत्रिपद सोडणाऱ्या बॅरिस्टर आंबेडकरांनी १९५६ मध्ये याच नगरीत धर्मांतर केले. त्यांचे चित्र भिंतीवर लावणाऱ्या वकिलाने स्त्रीच्या पोटगीची तारीख उगाच पुढे ढकलू नये, एवढी अपेक्षा अवास्तव नाही.

आणि कार्यकर्त्यांनी काय करावे? केवळ चिठ्ठी देऊन वकिलाकडे पाठविणे पुरेसे नाही. बाईबरोबर विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावे. अर्ज करण्यास दिवस लावू नये, कारण पोटगी त्या तारखेपासून मोजली जाते. नवऱ्याच्या जमिनीचा सातबारा, सोसायटीच्या कर्जाची नोंद, वाहनाची कागदपत्रे, बाजार समितीतील विक्रीच्या पट्ट्या गोळा करण्यास तिला मदत करावी. हे काम कोणत्याही वकिलापेक्षा गावातला कार्यकर्ता अधिक चांगले करू शकतो. हिंदू विवाह कायद्याच्या चोविसाव्या कलमाप्रमाणे उत्पन्न नसलेल्या पक्षाला दाव्याचा खर्चही दुसऱ्या पक्षाकडून मागता येतो, हे तिला सांगावे. रकमेत वाटा मागणाऱ्याला स्पष्ट नकार देण्याचे बळ तिला द्यावे. आणि जो वकील हे काम सचोटीने करतो त्याच्या पाठीशी संघटनेने उभे राहावे, कारण त्यालाही एकट्याने टिकणे कठीण असते.

१९८४ च्या कायद्याने वकिलाला दाराबाहेर ठेवले होते. तो आत आला, आणि दुबळ्याच्या रक्षणासाठी आला असेल तर ते योग्यच झाले. त्या परवानगीचे समर्थन आजही त्या एकाच कारणावर उभे आहे. ते कारण जिवंत ठेवणे वकिलांच्या बंधुत्वाच्या हाती आहे, आणि त्यांना त्याची आठवण देत राहणे आपल्या.