डिकीतील शिदोरी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत चंदीगढ येथे दिलेले भाषण)



ह्याच व्यासपीठावरून गेल्या दोन महिन्यांत आपण ज्ञानेश्वरीवर आणि नाट्यसंगीतावर विद्वानांची भाषणे ऐकली. त्यांच्या पाठोपाठ मोटारीच्या डिकीविषयी बोलावयास उभे राहणे हा काहीसा औचित्यभंगच आहे, ह्याची मला जाणीव आहे. परंतु कार्यवाहांनी सांगितले, की येत्या सुट्टीत आपल्यापैकी सात कुटुंबे स्वतःच्या मोटारीने पुण्या-नाशिककडे जाणार आहेत आणि आणखी काही मंडळी मनालीचा बेत आखून आहेत. पुणे येथून सोळाशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तेव्हा विषय अगदीच अवेळी नसावा.

आपल्याकडे प्रवासाची तयारी म्हणजे शिदोरीची तयारी. दशम्या, लसणाची चटणी, लाडवांचा डबा, सारे आदल्या रात्रीच सिद्ध असते. गाडीसाठी काय घेतले असे विचारले, तर उत्तर येते, ‘सर्व्हिसिंग करून आणली आहे.’ मीही वर्षानुवर्षे हेच उत्तर देत असे.

जानेवारी २००९ मध्ये आम्ही दिल्लीहून चंदीगढला परतत होतो. पत्नी, दोन लहान मुले आणि माझी वृद्ध आई बरोबर होती. पानिपत मागे टाकले तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि ह्या प्रदेशातले ते धुके उतरले होते, ज्यात पुढच्या गाडीचे तांबडे दिवेदेखील हाताच्या अंतरावर आल्यावाचून दिसत नाहीत. अशा वेळी मागचे डावे चाक बसले. गाडी कडेला घेतली आणि डिकी उघडली. स्टेपनी तळाशी होती. तिच्यावर दोन बॅगा, त्यांवर तिळगुळाचे डबे, त्यांवर आईची वळकटी. हे सारे सामान अंधारात रस्त्याच्या कडेला मांडावे लागले. विजेरी होती, पण तिच्यातले सेल पाझरून आतच चिकटले होते. जॅक सापडला, पण चाकाच्या नटांना पाना लावला तर ते हलेनात. शेवटचे चाक बसवले गेले होते ते दुकानात, हवेच्या यंत्राने आवळून. माझ्यासारख्या फायली हाताळणाऱ्या माणसाच्या मनगटाला ते दाद देईनात. मागून येणारे ट्रक अगदी शेजारून घोंघावत जात होते, आणि मुले व आई गाडीतच बसून होती. त्या वेळी मला त्यात काही गैर वाटले नाही, हे आज आठवले तरी अंगावर काटा येतो.

अखेरीस अंबाल्याकडे निघालेला एक मालट्रक पुढे जाऊन थांबला. त्याचा सरदारजी चालक उतरला. त्याने प्रथम चाकाकडे पाहिलेदेखील नाही. आईला आणि मुलांना खाली उतरवून त्याने रस्त्यापासून दूर, सफेद्याच्या झाडांपलीकडे उभे केले. मग त्याच्या क्लीनरने मागे बरेच अंतर चालत जाऊन रस्त्यावर दगड आणि फांद्या मांडल्या. त्यानंतर त्याने पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी घालून तिच्यावर पाय दिला आणि नट सोडवले. दहा मिनिटांत काम झाले. मी आभार मानले, पैसे देऊ केले, ते त्याने नाकारले. आम्ही गाडीत बसलो, मी ती सुरूही केली. आरशात पाहतो तो सरदारजी मागे चालत निघालेला. मी काच खाली करून विचारले. तो म्हणाला, ‘बाबूजी, पत्थर कौन उठाएगा?’

माझ्या मनात तो प्रश्न आलाच नव्हता. आपण सर्वांनी महामार्गावर असे दगड पाहिले आहेत. बिघडलेला ट्रक सकाळी निघून जातो आणि दगडांची ओळ तिथेच राहते. पुढच्या रात्री एखादा दुचाकीस्वार तिच्यावर येतो. त्या रात्री माझ्या नावावर तसे काही जमा झाले नाही, ह्याचे श्रेय माझे नव्हे.

तेव्हापासून मी ह्या विषयाचा थोडा अभ्यास केला. माझे मत असे झाले आहे, की आपत्कालीन पेटी म्हणजे गाडी दुरुस्त करण्याची पेटी, ही समजूतच मुळात चुकीची आहे. आजच्या गाड्यांत आपल्या हातून दुरुस्त होण्याजोगे फारच थोडे उरले आहे. पेटी हवी ती गाडी बंद पडल्यानंतरचा पहिला अर्धा तास माणसे सुरक्षित राहावीत म्हणून, आणि प्रसंगी रात्रभर निभावे म्हणून.

म्हणून पहिली वस्तू धोक्याचा त्रिकोण. नव्या गाडीबरोबर तो बहुधा मिळतो आणि बहुधा वेष्टणातच राहतो. तो गाडीच्या मागे दहा फुटांवर ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. त्याचा उपयोग शून्य. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर कापते. चालकाला त्रिकोण दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर. आणि कोरड्या रस्त्यावर गाडी थांबेपर्यंत आणखी ३५-४० मीटर. ही झाली हलक्या मोटारीची गोष्ट. ओल्या रस्त्यावर किंवा भरलेल्या ट्रकला ह्याहून बरेच अधिक लागते. मी मागे शंभर पावले मोजून त्रिकोण ठेवतो. वेगवान मार्गावर आणि धुक्यात त्याहून पुढे जावे, आणि वळण असेल तर तो वळणाच्या अलीकडे ठेवावा. चालत जाताना त्रिकोण छातीशी, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून धरावा. निघताना तो उचलून आणावा. दगडांचा प्रश्नच उरत नाही.

त्रिकोणाच्या जोडीला एक चकाकणारे जाकीट असावे, रस्त्यावर काम करणारे मजूर घालतात तसले. ते डिकीत ठेवू नये. आसनाखाली ठेवावे, म्हणजे खाली पाऊल टाकण्याआधीच अंगात घालता येते. गाडी बंद पडताच चारही इंडिकेटर लावावेत. मग आतील सर्वांनी रहदारीच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरून, कठडा असेल तर त्याच्या पलीकडे उभे राहावे. ‘बाहेर थंडी आहे, आत बसा’ हे आपले प्रेमळ वाक्य महामार्गावर घातक ठरू शकते.

आता चाकाकडे वळू. ‘स्टेपनी’ हा शब्द आपण देशी असल्यासारखा वापरतो. तो वेल्समधील लानेल्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथे १९०४ मध्ये डेव्हिस नावाच्या बंधूंनी सुटे चाक बनवावयास प्रारंभ केला; त्यापूर्वी मोटारीबरोबर सुटे चाक नसेच. गंमत अशी, की शंभर-सव्वाशे वर्षांनी आपण पुन्हा तिथेच येऊन पोहोचत आहो. टायरमधील हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर बुजवण्याचे साहित्य गाडीत असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना स्टेपनीची सक्ती नाही, असा नियम २०२० साली झाला. तेव्हा आपल्या गाडीत स्टेपनी आहे काय, हे प्रथम पाहावे. विशेषतः विजेवर चालणारी नवी गाडी घेतलेल्यांनी. काही गाड्यांत ती असते, पण बारीक अंगाची, आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते. ज्यांना ती नाही त्यांनी बारा व्होल्टवर चालणारा हवेचा छोटा पंप जरूर घ्यावा. ज्यांना आहे त्यांनीही घ्यावा, कारण वर्षभर न पाहिलेल्या स्टेपनीत हवा असतेच असे नाही.

पाना मात्र लांब दांड्याचा विकत घ्यावा आणि तो आपल्या नटांना बसतो काय, हे घराच्या अंगणात एकदा स्वतः नट सोडवून पाहावे. नट सैल करावयाचे ते चाक जमिनीवर असतानाच. जॅक नंतर लावावयाचा. हे ज्याला ठाऊक आहे त्याला हसू येईल, पण मी त्या रात्री आधी जॅक लावला होता. हा सराव गृहिणींनी आणि मुलामुलींनीही करावा. गाडी बंद पडते तेव्हा कुटुंबप्रमुख शेजारी असतोच असे नाही.

बॅटरी उतरली तर लागणाऱ्या जाड तारा, ओढून नेण्याचा दोर, हातमोजे, एक जुनी चादर, चिकटपट्टी, एवढ्यात हा भाग संपतो. तारा कोणत्या क्रमाने जोडाव्यात हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ते पान घडी घालून तारांबरोबरच ठेवावे. विजेरी कपाळाला बांधावयाची घ्यावी, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. तिचे सेल बाहेर काढून वेगळे ठेवावेत. सेल पाझरतात, हे ज्ञान मला महागात पडले आहे.

प्रथमोपचाराच्या पेटीविषयी दोन शब्द. दुकानातील तयार पेटीत लहान पट्ट्या पुष्कळ आणि जाड गॉज थोडे असते. अपघातात रक्तस्रावाने प्राण जाऊ शकतो, आणि त्यावर पहिला उपाय म्हणजे जखमेवर स्वच्छ जाड कापड दाबून धरणे व सोडू नये. कापूस जखमेला चिकटतो; तो जखमेवर ठेवू नये. रबरी हातमोजे, कात्री, त्रिकोणी बंधन, जलसंजीवनीची पाकिटे आणि आपली रोजची औषधे दोन दिवस अधिक, एवढे पुरे. आपल्या मंडळात रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या न घेणारी मंडळी आता अल्पसंख्याक आहेत. मात्र औषधे गाडीत कायमची ठेवू नयेत. जूनच्या उन्हात बंद मोटार भट्टी होते. गोळ्या निकामी होतात आणि फवाऱ्याचे डबे व सिगारेट-लायटर फुटू शकतात.

ही पेटी दुसऱ्यासाठीही उघडावी लागते. ‘पोलिसांचे झंझट नको’ म्हणून पुढे जाणारे लोक आहेत. त्यांच्या माहितीसाठी सांगतो, की जखमीला मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ घालून संरक्षण दिले आहे. सद्भावनेने केलेल्या मदतीबद्दल त्याच्यावर दावा होऊ शकत नाही, आणि आपले नावगाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. आणीबाणीचा क्रमांक ११२, राष्ट्रीय महामार्गाचा १०३३. हे दोन्ही कागदावर लिहून, घरच्यांच्या क्रमांकांसह आणि रक्तगटांसह, पुढच्या कप्प्यात ठेवावेत. मोबाइल बंद पडतो तेव्हा आपल्याला स्वतःच्या मुलाचाही क्रमांक आठवत नाही, ही आपल्या काळाची एक लाजिरवाणी गोष्ट आहे.

आता डोंगरांकडे जाणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर. कालका ओलांडले की हिशेब बदलतो. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत मंडी-कुलू रस्ता बंद पडला आणि असंख्य पर्यटक वाटेतच अडकले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परवाणूच्या पुढे चक्की मोड येथे महामार्गाचा तुकडाच खचला. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाल्यापासून रोहतांग टाळून लाहौलला जाणे सोपे झाले आहे. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि ह्या बोगद्याच्या दरम्यान सुमारे हजार वाहने बर्फात अडकली होती. अशा वेळी पाना आणि जॅक काही कामाचे नाहीत. कामाला येतात घोंगड्या, माणशी दोन-तीन लिटर पाणी, गूळदाणे, चिक्की, आणि अर्ध्याहून अधिक भरलेली टाकी. मोकळ्या डब्यात पेट्रोल मात्र कदापि बाळगू नये.

आणि एक छोटे फावडे. त्याचे कारण सांगतो. पाकिस्तानातील मरी ह्या थंड हवेच्या गावी जानेवारी २०२२ मध्ये एका रात्रीच्या हिमवर्षावात मोटारी अडकल्या आणि किमान बावीस माणसे गाड्यांतच मृत्युमुखी पडली. थंडी आणि कार्बन मोनॉक्साइड, ही दोन कारणे त्या वेळी पुढे आली. बर्फाने धूर जाण्याची नळी बुजते, माणसे उबेसाठी इंजिन चालू ठेवून काचा लावून बसतात, आणि हा वायू आत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस गुदमरत नाही, झोपी जातो. म्हणून बर्फात अडकल्यास आधी फावड्याने मागची नळी मोकळी करावी, इंजिन थोडा वेळच चालवावे, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी आणि सर्वांनी एकाच वेळी झोपू नये. नळी पुन्हा पुन्हा तपासावी. उबेचे काम घोंगडीवर सोपवलेले बरे.

काच फोडण्याची हातोडी आणि पट्टा कापण्याची सुरी ही जोडी अलीकडे स्वस्तात मिळते. ती चालकाच्या हाताशी असावी. समोरची काच दोन थरांची असल्यामुळे तिने फुटत नाही. घाव घालावयाचा तो बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर. अग्निशामक नळकांडेही घ्यावे, पण इंजिनाचे झाकण सताड उघडून त्याच्याशी युद्ध खेळू नये. माणसे दूर गेली की गाडी जळाली तरी चालेल; तिचा विमा असतो.

कोणी म्हणेल, एवढे सारे ठेवल्यावर दशम्या कुठे ठेवावयाच्या? प्रश्न रास्त आहे. माझी स्वतःची पेटी म्हणजे लाडवांचा जुना पत्र्याचा डबा आहे, आणि ती सामानाच्या वर ठेवतो, खाली नव्हे. आमच्या कार्यालयात नियमाप्रमाणे वर्षातून एकदा प्रत्येक खुर्ची-टेबलाची प्रत्यक्ष पडताळणी होते, नोंदवहीशी ताळा घेतला जातो, सही होते. ज्या खुर्चीने आजवर कोणाचा जीव वाचवल्याचे मला आठवत नाही, तिची एवढी निगा आपण राखतो. मी डब्याच्या झाकणाला आतून यादी चिकटवली आहे आणि वर्षातून दोनदा, दसऱ्याला आणि पाडव्याला, ती तपासतो. दसऱ्याला गाडीला हार घालतोच, त्याच वेळी डबाही उघडावा.

भाषण संपल्यावर माझी गाडी प्रांगणात उघड्या डिकीसह उभी असेल. ज्यांना नट सोडवून पाहावयाचे असतील त्यांनी यावे. पाना आणि हातमोजे मी देईन. फक्त स्टेपनीला हात लावू नये. तिच्यातील हवा कमी आहे, हे मला आज सकाळीच कळले, आणि येथे वेळेवर पोहोचण्याच्या घाईत ती भरून घ्यावयाची राहून गेली.