जुन्या गाडीचे दुखणे ओळखावे कसे?



आज मी तुमच्याशी जुन्या मोटारीविषयी चार गोष्टी बोलणार आहे. मी इंजिनिअर नव्हे, की गॅरेजवालाही नव्हे. तीस वर्षे हायस्कुलात विज्ञान शिकविले आणि त्यांतली शेवटची बारा वर्षे एक जुनी मारुती आठशे बाळगली. या गाडीने मला जे शिकविले, ते तुमच्या कानांवर घालावे एवढाच हेतू आहे.

मारुती आठशे ही गाडी १९८३ सालच्या डिसेंबरात प्रथम रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. म्हणजे या घराण्यातली सर्वांत धाकटी गाडीसुद्धा आता दहा वर्षांच्या पुढे गेली. तरी तालुक्याच्या बाजाराला, लग्नाकार्याला, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला अशा गाड्या अजून आपल्या उपयोगी पडतात. आणि गाडी पंधरा वर्षांची झाली की नोंदणी नव्याने करून घेण्यासाठी तिची तपासणी करून घ्यावी लागते, हे तुम्ही जाणताच. तेव्हा जुनी गाडी ठेवायची तर तिचे दुखणे ओळखता आले पाहिजे.

आपल्याकडे म्हण आहे ना, रोग म्हशीला आणि औषध पखालीला? जुन्या गाडीवर होणारा निम्मा खर्च हा असाच पखालीला दिलेल्या औषधाचा असतो. गाडी सकाळी सुरू होत नाही; कोणीतरी म्हणतो, बॅटरी गेली. आपण नवी बॅटरी आणतो. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच! मग कळते, की बॅटरी बिचारी निर्दोष होती.

म्हणून पहिला नियम असा: आधी पाहा, ऐका, वास घ्या, हाताने चाचपा, मग स्वस्त कारण तपासा आणि महाग कारणाकडे शेवटी वळा.

आता सुरू न होणाऱ्या गाडीचेच घ्या. चावी फिरवली आणि नुसताच ‘टक्’ असा आवाज झाला, तर हेडलाइट लावून पुन्हा चावी फिरवा. दिवे एकदम मंद झाले तर वीज कमी पडते आहे. अशा वेळी बॉनेट उघडून बॅटरीची टर्मिनले पाहा. त्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी साचलेली असते. तीच विजेची वाट अडवते. गाडी बंद ठेवून आधी वजा खुणेची, मग अधिक खुणेची तार काढा. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून टर्मिनले घासा, कोरडी करा आणि तारा घट्ट बसवा. बसवताना मात्र वजा खुणेची तार शेवटी. बॅटरीजवळ विडी-काडी नको, कारण तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.

एवढ्यानेही भागले नाही, तर मिस्त्रींकडून मीटर लावून घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी सुमारे साडेबारा व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना हा आकडा चौदाच्या आसपास गेला पाहिजे. तो वर चढतच नसेल, तर दोष बॅटरीचा नाही. तिला भरणाऱ्या यंत्राचा, म्हणजे ऑल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा आहे. अशा गाडीला नवी बॅटरी घालणे म्हणजे फुटक्या पन्हळीखाली नवा हंडा ठेवणे होय.

उलट, दिवे लख्ख राहतात आणि तरीही नुसता ‘टक्’ होतो, तर सेल्फकडे बघावे. आणि सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन धरत नाही, तर वीज आहे. अडचण पेट्रोलची किंवा प्लगच्या ठिणगीची आहे. पाहा, नुसते लक्ष दिले तर एका मिनिटात आपण चार कारणांतून एकावर आलो.

दुसरे मोठे दुखणे म्हणजे गाडी तापणे. काटा लाल खुणेकडे जाऊ लागला की गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. घरच्या कुकरसारखेच ते आहे. आत दाब असतो, म्हणून पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण काढले की दाब सुटतो आणि उकळते पाणी तोंडावर येते. निदान अर्धा तास थांबा. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका. त्याने धातूला तडा जातो.

मग विचार करा, गाडी तापते केव्हा? उभी असताना तापते आणि रस्त्याला लागली की निवते, तर पंखा फिरत नसावा. त्याचा फ्यूज, त्याची तार बघा. रस्त्यावर ठीक, पण घाट चढताना तापते, तर रेडिएटर आतून बुजला असावा. आपल्याकडे बोअरचे पाणी घालण्याची सवय आहे. त्या पाण्यातले क्षार नळ्यांत बसतात, जसे पाणी तापविण्याच्या बंबात बसतात तसे. म्हणून शुद्ध पाण्यात कालवलेले कूलंटच घालावे. आणि बाहेर कुठे थेंबही गळत नाही, तरी दर आठवड्याला पाणी कमी होते, तर सावध व्हा. ऑइलची पट्टी काढून पाहा. तिच्यावर दुधाळ, सायीसारखे काही दिसले तर पाणी ऑइलमध्ये शिरते आहे; हेड गॅस्केट गेले असण्याचा संभव मोठा. अशी गाडी पुढे चालवू नये.

धूरही बोलतो बरे का! थंडीच्या दिवसांत सकाळी विरळ पांढरी वाफ दिसते आणि थोड्या वेळाने जाते, त्यात काही वावगे नाही. पण दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येतच राहिला, तर कूलंट जळते आहे. धूर काळा असेल, तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. आधी एअर फिल्टर काढून बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळणे. रात्रभर उभी राहून सुरू करतेवेळीच तो भपकन येऊन थांबला, तर वॉल्वची सीले झिजली. चालताना जोर दिल्यावर येतच राहिला, तर पिस्टनच्या रिंगा. पहिले काम थोडक्यात होते, दुसऱ्याला इंजिन उघडावे लागते. म्हणून हा फरक ठाऊक असावा.

आवाजांचे असेच. आवाज कशाबरोबर वाढतो ते पाहा. गाडी जागेवर उभी आहे, तुम्ही इंजिनाला जोर दिला आणि आवाज वाढला, तर तो इंजिनाचा. गाडीच्या वेगाबरोबर वाढतो, तर चाकांचा. चाकाचा घुमल्यासारखा आवाज वळणावर कमी-जास्त झाला, तर बेअरिंग बघा. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना ‘कट् कट्’ होते, तर पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा झिजला आहे. खड्ड्यात ‘धप्प’ आवाज येतो, तर बुश, शॉकअब किंवा बॉल जॉइंट. टायरसुद्धा वाचता येतो: मध्यभागी झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजला तर हवा कमी, एकाच कडेला झिजला तर चाकांचे अलाइनमेंट बिघडलेले.

आता ब्रेकविषयी सांगतो, आणि इथे मला माझ्या स्वतःच्या चुकीची कबुली द्यायची आहे.

एका वर्षी मे महिन्यात आम्ही घरची पाच माणसे लग्नासाठी कराडहून चिपळूणला निघालो होतो. त्याआधी आठ दिवस ब्रेकचा पाय रोजच्यापेक्षा जरा खोल जात होता. बाटलीत पाहिले तर ब्रेक ऑइल कमी. मी आपला वरून ऑइल ओतून मोकळा! अंगणातल्या फरशीवर, मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, एक ओला डाग रोज पडत होता. तोही मी पाहिला होता. मुले गाडी धुतात, पाणी असेल, असे म्हणून त्यावरून चालत गेलो.

कुंभार्ली घाट उतरताना एका वळणावर पुढे ट्रक आला. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय जवळजवळ तळाला टेकला. तिसऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला, पाय पुन्हा पुन्हा दाबला. ट्रकच्या मागच्या फळीवरची अक्षरे सहज वाचता यावीत इतक्या अंतरावर गाडी डोंगराच्या कडेला थांबली. मागे बसलेल्या मंडळींच्या मानपानाच्या गप्पा चालूच होत्या. त्यांना काहीच कळले नाही. माझे हात मात्र स्टिअरिंगवरून सुटेनात.

मंडळींना दुसऱ्या गाडीने पुढे धाडले आणि चिपळूणहून मिस्त्रींना बोलावून आणले. त्यांनी मागचे चाक उतरविले. आतल्या छोट्या सिलिंडरचे रबर झिजून त्यातून ऑइल झिरपत होते. ब्रेकच्या नळ्या दोन भागांत वाटलेल्या असतात. एक भाग गेला तरी दुसरा थोडाफार धरतो, म्हणून आम्ही वाचलो. मिस्त्री हात पुसत म्हणाले, “गुरुजी, आठ दिवस गाडी सांगत होती की तुम्हाला.”

त्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आयुष्यभर मुलांना ‘निरीक्षण करा’ म्हणून सांगणारा मी, डाग दिसत असून पाहिला नव्हता.

तेव्हा ब्रेकची ही लक्षणे पाठ करून ठेवा. पाय स्पंजासारखा मऊ लागतो: नळीत हवा शिरली. दाबून धरला असता हळूहळू खाली सरकतो: कुठेतरी गळती आहे, किंवा मास्टर सिलिंडर गेला. गाडी एका बाजूला ओढते: एका बाजूचा ब्रेक कमी धरतो. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येतो: लायनर किंवा पॅड संपले. ब्रेक ऑइल कमी झाले, तर ते का कमी झाले याचा शोध लागल्याशिवाय नुसते ओतू नका. त्यात इंजिनाचे ऑइल तर कधीच घालू नका. त्याने रबरे फुगतात. हे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि मग उतारावर तापले की आत वाफ होते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे. आणि घाट ज्या गिअरात चढलो असतो, साधारण त्याच गिअरात उतरावा. सगळा भार ब्रेकवर टाकू नये.

बाकीची दुखणी एकवेळ दोन दिवस थांबतील. ब्रेक, स्टिअरिंग आणि ऑइलचा लाल दिवा ही तीन मात्र थांबत नाहीत. चालत्या गाडीत ऑइलचा दिवा लागला, तर सुरक्षित जागा पाहून तिथल्या तिथे इंजिन बंद करावे. ‘गाव जवळच आहे’ म्हणून पुढे जाणाऱ्याचे इंजिन बहुधा गावात पोचत नाही.

शिक्षक मित्रांना एक सुचवतो. सुई काढलेल्या दोन लहान-मोठ्या सिरिंज घ्या, पाण्याने भरा आणि प्लॅस्टिकच्या नळीने जोडा. एक दाबली की दुसरी उचलते. पास्कलचा नियम, म्हणजेच मोटारीचा ब्रेक, मुलांच्या हातात आला. आता नळीत मुद्दाम हवेचा बुडबुडा सोडा. दट्ट्या मऊ लागतो, कारण हवा दबते, पाणी दबत नाही. ज्या मुलाने हे बोटांनी अनुभवले, तो उद्या घरी सांगेल, “बाबा, आपल्या गाडीचा पाय मऊ लागतो.” एखाद्या घरी एवढे झाले, तरी तो तास सार्थकी लागला.

शेवटी, गाडीत एक दहा-वीस पानांची वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय झाले, इंजिन गार होते की गरम, रस्ता चढाचा की उताराचा, एवढे लिहा. मिस्त्रींपुढे ती वही ठेवली की त्यांचा अर्धा वेळ आणि तुमचे बरेच पैसे वाचतात. आणि दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन वस्तू एकदम बदलल्या तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही.

उद्या सकाळी गाडी बाहेर काढण्यापूर्वी, जिथे ती रात्रभर उभी होती तिथली जमीन एकदा वाकून पाहा. डाग असेल तर बोट लावा. पाणी असेल तर बोटावरून वाळून जाईल. चिकट, निसरडे लागले, तर बोट पुसा, गाडी जागेवरच ठेवा आणि मिस्त्रींना घरी बोलवा.