दुःखाच्या दिवसांतील विश्वास
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत उणकल येथे केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी मी दुःखाविषयी बोलावे, हे काहींना रुचणार नाही. परंतु आपल्या न्यासाचा पैसा बहुतेक दुःखितांच्याच घरी जातो, म्हणून हा विषय घेतला आहे.

माझी पत्नी वारली तेव्हा चार दिवस घर माणसांनी भरले होते. जो तो म्हणे, "देवाची इच्छा! रडू नका, विश्वास ठेवा." पाचव्या दिवसापासून दार वाजेनासे झाले. रविवारी उपासनेला गेलो, तर गळ्यातून गीत निघेना. आपला विश्वास गेला की काय, या भीतीने मी फार अस्वस्थ झालो.

त्या दिवसांत मी पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा वाचले. बाईंचा जन्म १८५८ साली आपल्याच कर्नाटकातील गंगामुळाच्या रानात झाला. १८७४ च्या सुमारास, दुष्काळाच्या दिवसांत, आई, वडील आणि थोरली बहीण थोड्या थोड्या अंतराने गेली. १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला, १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी गेले. पदरी मनोरमा, तिला वर्षही पुरे झाले नव्हते.

१८८३ साली इंग्लंडमध्ये बाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर दुःखे संपली असे कोणी समजू नये. कानांनी ऐकू येणे कमी कमी होत गेले. जिच्या हाती सारे काम सोपवायचे, ती मनोरमा १९२१ च्या जुलैत, चाळिसाव्या वर्षी, आईच्या आधी गेली.

मग त्यांचा विश्वास टिकला तो कसा? मला वाटते, बाईंनी आपले दुःख कुलूप लावून ठेवले नाही. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या. उपाशी मुलीच्या डोळ्यांतील भीती त्यांना कोणी समजावून सांगावी लागली नाही. सोळाव्या वर्षी ती त्यांनीच भोगली होती. शेकडो स्त्रिया व मुली त्यांनी केडगावला आणल्या. त्यांना अन्न तर दिलेच, पण विणकाम, छपाई, शेती असे हाताला कामही दिले. मनोरमा गेल्यावरही हिब्रू व ग्रीक भाषांतून चाललेले बायबलचे भाषांतर त्यांनी हातावेगळे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटले. मायलेकींच्या मृत्यूंत पुरते नऊ महिनेही अंतर नव्हते.

विश्वास म्हणजे डोळे कोरडे ठेवणे नव्हे. लाजारसच्या कबरेपाशी खुद्द प्रभूच्या डोळ्यांना पाणी आले. ईयोबाने देवाशी भांडण मांडले, तरी शेवटी देवाचा ठपका आला तो ईयोबाला उपदेश करणाऱ्या मित्रांवर. त्या मित्रांनी एकच गोष्ट चांगली केली होती. पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले. तोंड उघडले आणि चुकले!

माझ्याकडेही असा एक शेजारी येई. दर रविवारी संध्याकाळी तो मला उणकलच्या तळ्यावर फिरायला नेई. बोलणे फारसे नसे. काही महिन्यांनी मी उपासनेत गीताची एक ओळ म्हणू शकलो. त्या दिवशी मला कळले, माझा विश्वास गेला नव्हता. मला उचलता येईना तेव्हा माझ्या वाटचे ओझे दुसऱ्याने धरले होते.

म्हणून विश्वस्त मंडळींना माझी एक विनंती आहे. अंत्यविधीची मदत आपण तत्परतेने देतो, ती तशीच चालू राहावी. परंतु ज्या घरी मृत्यू झाला, तेथे वर्षभर महिन्यातून एकदा तरी आपल्यापैकी कोणी जावे. उपदेश करू नये. बसावे, चहा घ्यावा, गेलेल्या माणसाचे नाव काढावे. तो माणूस सावरला, की त्यालाच दुसऱ्या दुःखिताच्या घरी पाठवावे. याला निधी लागणार नाही, वेळ मात्र लागेल.

एवढे आपण केले, तर हा महोत्सव साजरा झाला असे मी म्हणेन. प्रभू आपल्याला तसे मन देवो.